पिक्चर ट्यूबला मोटारीचा स्टार्टर

धाराशिवच्या बसस्थानकामागं महारुद्र यांचं व्हिडिओ गेमचं दुकान आहे. पूर्वी इथून आईबाप पोरांना कान धरून बाहेर काढत. तीच पोरं आता आपल्या लेकरांना कौतुकानं आत आणतात, आणि लेकरं काचेवर बोट फिरवून पडदा सरकतो का ते बघतात. चार यंत्रांपैकी एकच उरलं आहे. त्याच्या फुगीर पिक्चर ट्यूबमध्ये महारुद्र यांचा जीव अडकलेला, कारण तशी ट्यूब आता कुणी बनवत नाही. सपाट एलईडी लावा म्हणणाऱ्याला ते चहा पाजतात आणि विषय बदलतात.

गेमचा मूळ बोर्ड मेला तेव्हा त्यांनी बंद पडलेल्या सायबर कॅफेच्या भंगारातून कॉम्प्युटर आणला आणि त्याचं ग्राफिक्स कार्ड या ट्यूबला जोडलं. वायरी जुळल्या, स्वभाव जुळेनात. कार्ड चित्राच्या ओळी दुप्पट वेगानं पाठवतं; ट्यूबला ती घाई झेपत नाही. चित्र फाटतं, मागचा ट्रान्सफॉर्मर शिट्टी मारतो, आणि शिट्टी लांबली तर सगळंच जळतं. कार्डाला सबुरी शिकवणारा प्रोग्राम मिळाला. पण तो कॉम्प्युटर पुरता सुरू झाल्यावरच कामाला लागतो. तोवर ट्यूब बंद हवी.

जिथं वीज जात नाही तिथं हे सोपं आहे. इथं गेलेली वीज आली की कॉम्प्युटर आणि ट्यूब एकदमच जागे होत. ट्यूबचा प्लग वेळेवर काढता यावा म्हणून महारुद्र यांनी दुकानाबाहेर पडणंच सोडलं. शेवटी बेंबळी गावच्या मेहुण्यानं, बजरंगनं, विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर ट्यूबच्या लाइनीत बसवला. वीज गेली की तो पडतो, म्हणजे आपोआप बंद होतो, आणि हिरवं बटण दाबेपर्यंत ट्यूबला वीज देत नाही.

पुढच्या खेपेला बजरंगला त्यात एक उणीव दिसली. स्टार्टरला ऑटो, म्हणजे वीज आली की आपोआप चालू करणारा डबा, नव्हता. वीज आल्यावर कुणीतरी उठून बटण दाबायचं, हे त्याच्या शेतकरी मनाला बघवेना. महारुद्र जेवायला बसलेले असताना त्यानं गुपचूप ऑटो जोडला.

दोघं समोरच्या टपरीवर चहा घेत असताना वीज गेली आणि आली. दुकानात खट् वाजलं.

"ऐकलं का दाजी? आता उठायचं काम न्हाय."

आतून शिट्टी सुरू झाली. पन्नाशी उलटलेले महारुद्र कपासकट धावले. त्यांनी प्लग उपटला, मग ट्यूबमागं नाक नेऊन वास घेतला. धुळीचाच होता, जळका नव्हता.

"चुकलं का काय, दाजी?"

"तुमचं न्हाय, पाव्हणं. पिकाला पानी लवकर लागतं. ह्याला जरा उशिरा लागतं."

ऑटो काढला. कॉम्प्युटर सुरू केला. ट्यूब बंदच, म्हणून स्पीकरमधून गेमचं संगीत येईपर्यंत दोघं काळ्या काचेकडे बघत उभे राहिले.

"दाबा," महारुद्र म्हणाले.

"म्या? नको."

"तुमीच बसवलाय, तुमीच दाबा."

खट्. काच हळूहळू उजळली आणि चित्र आलं. चित्राची उजवी कड मात्र बोटभर आत आली होती.

"हे असं कसं?"

"ते पैल्यापासून तसंच हाय."

सकाळी ते तसं नव्हतं. बजरंगनं ऑटो पिशवीत घातला आणि जाताना उंबऱ्यातून एकदा त्या कडेकडे पाहिलं. महारुद्र ती कड झाकत तिच्यासमोर येऊन उभे राहिले.