जीपमधली आतली जागा

इंजिन उघडून पुन्हा जोडलं की दोन-चार नट उरतातच. गाडी त्यांच्याशिवायही चालते, पण टाकून देववत नाहीत. किस्स्यांचं तसंच आहे. माझ्या डब्यात एकाच जीपचे इतके साठलेत की आज थोडे बाहेर काढतो.

मी कराडच्या स्टँडमागे चाळीस वर्षं मेकॅनिक होतो. शाळा चौथीपर्यंत. आता इथे अमेरिकेत, कॅरी गावात मुलाकडे असतो. शेजारचा शिरीष आमच्याच भागातला, कॉम्प्युटरवाला. शाळेत असताना तो रोज गावाहून वडाप जीपनं कराडला यायचा. मोठी माणसं आत कोंबलेली, पोरं मागच्या पायरीवर लटकलेली. शेवटचं पोरगं चढलं की पत्र्यावर दोन थापा मारायचं, मग गाडी सुटायची. ते शेवटचं पोरगं म्हणजे शिरीष.

"काका, पाच वर्षांत एकदाही आत बसायला मिळालं नाही," तो सांगायचा.

गेल्या वर्षी त्यानं तीच जीप शोधून काढली. एका मळ्यात उभी होती. पंचवीस वर्षं उलटलेली गाडी इथे आणू देतात, म्हणून बोटीनं मागवली.

*

जीप बंदरात उतरली आणि एजंटचा फोन आला. पुढच्या बंपरला तारेनं काहीतरी वाळलेलं बांधलंय, तपासणीवाले विचारतायत की हा कुठला पार्ट?

पाठवणाऱ्यांनी मायेनं लिंबू-मिरची बांधली होती.

शिरीष म्हणाला, "सेफ्टी फीचर."

एजंटनं तसंच पुढे कळवलं असणार. कारण गाडी सुटली तेव्हा कागदासोबत चिठ्ठी आली. सेफ्टी फीचर काढून जाळलं आहे, गाडी जपून चालवा.

*

पेट्रोलची टाकी ठिबकत होती. समोरच्या घरातला केदार नागपूरचा. त्यानं मोबाइलवर सीलंट शोधलं, ते चार दिवसांनी येणार होतं. मी म्हटलं, "कपडे धुवायच्या साबणाची वडी द्या. पेट्रोलमध्ये ती विरघळत नाही."

शिरीषच्या बायकोनं, मानसीनं, घर पालथं घातलं. पंपाच्या सहा बाटल्या निघाल्या, सगळा साबण पातळ. शेवटी केदार देशी किराणा दुकानातून वडी घेऊन आला. मी ती मळून भेगेत भरली. ठिबकणं थांबलं.

"काका, वॉरंटी किती?" केदारनं विचारलं.

"पाऊस पडेपर्यंत."

केदारनं आभाळाकडे पाहिलं, घरी गेला, आणि आपल्या अंगणातल्या बार्बेक्यू ग्रिलचं कव्हर आणून जीपवर घातलं.

*

मग सोसायटीचं पत्र आलं. इथे घर आपलं असलं तरी दारात काय उभं करायचं ते सोसायटी ठरवते. नंबरप्लेट नसलेली गाडी बाहेर दिसता कामा नये.

मानसी म्हणाली, "जीप गॅरेजमध्ये घे. माझी गाडी तीस दिवस बाहेर राहील. एकतिसाव्या दिवशी प्लेट नसेल तर जीप विकायची."

शिरीष कबूल झाला. वर त्यानं ठरवलं की प्लेट येईपर्यंत आत बसायचंच नाही. सगळं काम बाहेर उभं राहून, खिडकीतून हात घालून करायचा.

त्याची मुलगी रेवा सहा वर्षांची. ती रोज आत बसून चित्रं काढायची. म्हणायची, "बाबा, इट्स जस्ट अ सीट."

*

प्लेटसाठी सरकारी इन्स्पेक्टरनं येऊन चासी नंबर कागदाशी जुळवावा लागतो. तो अठ्ठाविसाव्या दिवशी आला. उंच, शांत माणूस. टॉर्च घेऊन गुडघ्यावर बसला. नंबर काही दिसेना. गाडी अमेरिकेला चाललीय, चकाचक दिसावी, म्हणून गावाकडे चासीवर चार हात काळा रंग मारलेला, नंबरावरसुद्धा.

"दिसल्याशिवाय सही करता येत नाही," तो म्हणाला. रंग खरवडावा तर नंबर खोडला असा संशय. शिरीष भिंतीला टेकून उभा राहिला.

मी रेवाकडून पेन्सिल आणि पातळ कागद मागून घेतला. आमच्याकडे गाडीच्या कागदपत्रांना पेन्सिल प्रिंट लागतेच. अशा हजारभर तरी काढल्या असतील. कागद चासीवर धरला आणि आडवी पेन्सिल हळूहळू फिरवली. घाई केली की आकडे पुसट येतात. काळ्यात एकेक पांढरा आकडा उठत गेला. इन्स्पेक्टर वाचत गेला, शिरीष गाडीच्या कागदपत्रांवर बोट ठेवून "यस" म्हणत गेला.

इन्स्पेक्टरनं सही केली. म्हणाला, "इतकी वर्षं नोकरी केली, हे मला कुणी शिकवलं नाही."

मी शिरीषला म्हटलं, "त्यांना सांग, आमच्याकडे साहेब गाडीखाली वाकत नाहीत, म्हणून शिकावं लागलं."

इन्स्पेक्टर खूप हसला आणि स्वतःसाठी एक प्रिंट काढून घेऊन गेला.

*

प्लेट लागली तो रविवार, तिसावा दिवस. शिरीषनं इस्त्रीचा शर्ट घातला, सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर एक फेरी मारायची म्हणून सगळ्यांना बोलावलं, आणि नारळ आणायला घरात गेला.

तेवढ्यात जीप भरली. मला पुढे बसवलं. मागे केदार, त्याची बायको, तिचे आईवडील, रेवा आणि तिच्या तीन मैत्रिणी. पत्र पाठवणाऱ्या सोसायटीच्या बाई नुसतं बघायला आल्या होत्या, त्याही चढल्या. स्टिअरिंगवर मानसी. "लायसन्स माझ्याकडेही आहे," ती म्हणाली.

शिरीष नारळ घेऊन बाहेर आला. चाकापुढे फोडला. मग आत पाहिलं.

सगळे सरकायला लागले. रेवा केदारच्या मांडीवर जाऊन बसली. एका माणसापुरती जागा झाली. मीही उठू लागलो.

"बसा, काका," तो म्हणाला.

तो मागे गेला, पायरीवर चढला, वरचा दांडा धरला आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या.

मानसीनं गिअर टाकला.