प्रोफेसरच्या तनख्याची बेरीज

विरूपाक्षला पगार विचारला नाही असा माणूस मुखेडात शोधूनही सापडला नसता. एस.टी.तून खाली पाय ठेवायचा अवकाश, ‘कधी आलात’च्या आधी ‘आता किती पडतेत?’ हा प्रश्न अंगावर यायचा. न्हाव्यानं तर अर्धी दाढी झालेली असताना विचारलं होतं, म्हणजे उठून जायचीही सोय नाही. मठात प्रसादाच्या पंगतीत वाढप्यानं विचारलं. एकदा तो एका मातीला गेला होता, तिथून परतताना मयताच्या धाकट्या भावानं डोळे पुसत पुसत विचारलं.

बरं, विचारणाऱ्यांना आकडा ठाऊक नव्हता असंही नाही. तो सगळ्यांना पाठ होता. साडेतीन हजार! नेमका सांगायचा तर तीन हजार चारशे नव्वद. विरूपाक्षनं फक्त मान डोलवायची होती, आणि नेमकं तेवढंच त्याच्याच्यानं होत नव्हतं. तो ‘नाही हो’ म्हणून सुरुवात करायचा आणि समोरचा माणूस असा गालात हसायचा, की विरूपाक्षला त्याच्या हातातली पिशवी हिसकावून घेऊन पळून जावंसं वाटायचं.

या आकड्याचा जन्मदाता दुसरातिसरा कुणी नसून विरूपाक्षचा जन्मदाताच होता. गुरुबसप्पांचं मुखेडच्या पेठेत कापडाचं दुकान. लातूरचा वेगळा जिल्हा झाला त्या साली विरूपाक्षला लातुरातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायची नोकरी लागली. नेमणुकीचं पत्र आलं ते घरच्या पत्त्यावर, आणि फोडलं गुरुबसप्पांनी. त्यांना इंग्रजी अक्षर येत नव्हतं, पण कापडाच्या थानांवरच्या चिठ्ठ्या वाचून वाचून इंग्रजी आकडे मात्र झोपेतही कळायचे. पत्राच्या मध्यावर एका ओळीत लिहिलं होतं: ७००-४०-११००-५०-१६००. चाळीस वर्षं गादीवर बसलेल्या माणसाला पाच आकडे एका ओळीत दिसले तर तो दुसरं काय करणार? त्यांनी बेरीज केली. मग उलटीकडून करून पडताळली. दोन्हीकडून तीन हजार चारशे नव्वद आले. गुरुबसप्पांनी विभूती लावलेल्या कपाळावरचा घाम पुसला आणि पेढे आणायला माणूस पाठवला.

बाजाराच्या दिवसापर्यंत आकडा मुक्रमाबादला पोचला होता. ‘कलेक्टरला तरी एवढे भेटतेत का?’ अशी शंका एकानं काढली, तर दुसऱ्यानं तिचं तिथंच निरसन केलं: ‘नवा जिल्हा हाय बाबा. नव्या जिल्ह्याला जास्त देत असतील.’ यापुढं कुणाचं काही चाललं नाही.

विरूपाक्ष दिवाळीला घरी आला तेव्हा त्याला हे कळलं. त्यानं वडिलांना दुकानात गाठून पत्र पुढ्यात धरलं.

“अप्पा, ही बेरीज नाही. ही श्रेणी आहे. सातशेपासून सुरुवात. दरवर्षी चाळीस वाढायचे, अकराशेपर्यंत. मग दरवर्षी पन्नास, सोळाशेपर्यंत.”

“म्हंजे सोळाशे कवा?”

“वीस वर्षांनी.”

गुरुबसप्पांनी पत्राकडं, मग मुलाकडं पाहिलं. “वीस वर्षांनी येनारा माल आजच कागदावर लिवतेत? विरू, असं मी दुकानात केलं तर गिऱ्हाईक मला जोड्यानं मारंल.”

“पण सरकार तसंच लिहितं.”

“मग सरकारला बेरीज येत न्हाई,” असं म्हणून त्यांनी पत्र घडी घालून गल्ल्यात ठेवलं. वर्गात साठ पोरांना गती आणि वेग यांतला फरक समजावून देणारा हा माणूस, बापापुढं मात्र घाम पुसत उभा राहिला.

पुढची दोन सालं पाऊस रुसला. मुखेडच्या पेठेत दुपारी कुत्रंही फिरकेना. लातुरात नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं. विरूपाक्ष सायकलला दोन घागरी बांधून स्टेशनमागच्या आडावर जायचा आणि लॅबमधल्या प्रयोगाचं पाणी बादलीत जपून दुसऱ्या तुकडीला वापरायचा. त्याला पगार पुरत नव्हता असं मुळीच नाही. मूळ सातशे ऐंशीवर पोचला होता, भत्ते मिळून आणि कपात वजा जाऊन हातात तेराशे बासष्ट यायचे. तेव्हाच्या मानानं चांगले पैसे होते ते. पण साडेतीन हजारांच्या शेजारी उभे केले की चांगल्या तेराशे बासष्टांचंही तोंड उतरायचं. यात्रेच्या वर्गणीला त्यानं एकवीस रुपये दिले तर लोक म्हणाले, चिकट आहे. मुखेडचा एक पाहुणा त्याच्या खोलीवर आला, एक खाट, एक स्टोव्ह आणि दोन घागरी बघून गेला, आणि गावात सांगितलं, ‘लई साधा राहतो. पैसा अंगावर दिसू देत न्हाई.’ आता याला काय करावं!

अशात सोयरीक आली. मुलीचे वडील ईश्वरप्पा लातूरच्या मोंढ्यातले आडत दुकानदार, आवाज पोतं आदळल्यासारखा. मुलगी शिवकांता, बी.ए. झालेली. बघायला गेल्यावर दोघांना पाच मिनिटं बोलू दिलं, तेही तिच्या दानम्मा आत्याला दारात बसवून. शिवकांतानं पगार विचारला नाही. तिनं विचारलं, “तुम्ही शिकवता ते पोरांना समजतं का?”

“निम्म्यांना,” विरूपाक्ष म्हणाला.

ती मोकळेपणानं हसली. विरूपाक्ष परत आला तो सायकलच्या घागरी रिकाम्याच घेऊन, आडावर जायचं विसरून. त्याला ती मुलगी हवीशी झाली होती, आणि त्याच क्षणी त्याला भीती वाटायला लागली. ईश्वरप्पा होकार देत होते तो तीन हजार चारशे नव्वदला. तेराशे बासष्टला ते आपली मुलगी देतील? आणि त्यांना न सांगता लग्न केलं, तर ज्या एका माणसापाशी आयुष्य काढायचं तिच्याशी पहिल्याच दिवशी खोटं वागल्यासारखं होईल. हे त्याला जमणार नव्हतं. यादीच्या दिवशी सगळ्यांसमोर खरं सांगायचं, मग लग्न मोडलं तरी मोडो, असं त्यानं ठरवलं.

यादी म्हणजे आपल्याकडं लग्नाचं पक्कं कागदपत्र. दोन्हीकडची पाच-पाच माणसं बसतात, देणं-घेणं, सोनं, भांडी, मानपान एकेक ओळ लिहून काढतात, वाचून दाखवतात आणि खाली सह्या करतात. यादीत जे लिहिलं त्यावर पुढं भांडण नाही. ईश्वरप्पांच्या ओसरीवर लग्न लावणारे स्वामी कागद घेऊन बसले. बायका आतल्या दाराआड. ईश्वरप्पांनी मांडी ठोकून सुरुवात केली.

“लिवा स्वामी. हुंडा एकावन्न हजार. एक स्कूटर.”

“मामा, थांबा,” विरूपाक्ष उभा राहिला. “माझा पगार साडेतीन हजार नाही. हातात तेराशे बासष्ट येतात. ही घ्या पगाराची चिठ्ठी, कॉलेजचा शिक्का आहे.”

गुरुबसप्पा सतरंजीकडं बघत राहिले. ईश्वरप्पांनी चष्मा लावला, चिठ्ठी खालपासून वरपर्यंत वाचली, नीट घडी घालून परत दिली, आणि विरूपाक्षच्या पाठीवर अशी थाप मारली की तो खाली बसला.

“शाबास! बघितलं का?” ते शेजारी बसलेल्या आपल्या भावाकडं वळून म्हणाले. “येवढ्या वयात दोन वह्या ठेवतो. दाखवायची येगळी, घरातली येगळी. येवहार कळतो पोराला.”

“अहो, सरकारी पगाराला दुसरी वही नसते!”

“नसतीच की,” ईश्वरप्पा डोळा मिचकावून म्हणाले.

“आन् ट्यूशनचे येगळेच असतील,” भावानं भर घातली.

“मी ट्यूशन घेत नाही! आणि मला हुंडाही नको!”

“बगा!” ईश्वरप्पांनी टाळी वाजवली. “हुंडा नगो म्हनतो. ज्याचं घर भरलेलं हाय त्योच असं बोलू शकतो. पाच हजार असतील याला.”

विरूपाक्षला डोकं भिंतीवर आपटून घ्यावंसं वाटलं. आयुष्यात धाडस म्हणावं असं एकच काम त्यानं केलं होतं, आणि त्यातून त्याचा पगार दीड हजारानं वाढला होता. ज्या माणसांनी उभ्या जन्मात कुणाला खरी कमाई सांगितली नाही, त्यांच्यापुढं खरं सांगणं म्हणजे मोठं खोटं बोलणंच. त्यांची चूक तरी काय म्हणावी?

तेवढ्यात दाराआडून दानम्मा आत्यांचा आवाज आला. “पोरगी म्हनते, ती चिठ्ठी आत द्या.”

चिठ्ठी आत गेली. मग दानम्मा स्वतःच उंबऱ्यात आल्या, चिठ्ठी हातात धरून.

“ती म्हनते, ह्यातला आकडा यादीत लिवा. नवरदेवाची तनखा म्हनून. लिवला तर लग्नाला तयार हाय. न्हाईतर न्हाई.”

“यादीत तनखा कोन लिवतं?” ईश्वरप्पा गरजले.

“सोनं लिवता, पातेली लिवता, चमचे बी लिवता. मग जे घेऊन रोज संसार करायचा ते का न्हाई, इचारती ती. आन् हुंडा त्यांना नगो, तर ‘हुंडा न्हाई’ असं बी लिवा.”

दुसरी गोष्ट ईश्वरप्पांना ताबडतोब पटली. पहिलीला ते थोडं कुरकुरले, मग ‘कागदावर काय, काही बी लिवा’ असं म्हणून हात झटकून मोकळे झाले. स्वामींनी ठळक अक्षरात लिहिलं: वराचा पगार, दरमहा हातात रुपये तेराशे बासष्ट. वाचून दाखवलं. सह्या सुरू झाल्या आणि कागद गुरुबसप्पांपुढं आला.

दिवसातून पन्नास वेळा सही करणारा तो हात कागदावर थांबला. आकड्यावरून त्यांचं बोट एकदा फिरलं. विरूपाक्षला वाटलं, आता अप्पा उठून जातील. पण त्यांनी सही केली, पेनला टोपण लावलं आणि कुणाकडंही न बघता पान तोंडात घातलं.

निघताना शिवकांता अर्धा तांब्या पाणी घेऊन दारात आली. “आमच्याकडं बी आठ दिवसांनीच येतं,” ती म्हणाली.

“तेराशे बासष्टात भागेल?” विरूपाक्षनं हळूच विचारलं.

“तुमच्या वर्गातल्या समजणाऱ्या निम्म्यात धरा मला,” ती म्हणाली आणि आत गेली.

मुखेडच्या एस.टी.त बापलेक शेजारी बसले. अहमदपूर येईपर्यंत गुरुबसप्पांनी खिडकीकडंच तोंड ठेवलं. दोन्ही बाजूंना करपलेली शिवारं. शेवटी विरूपाक्षलाच राहवलं नाही.

“अप्पा, रागावलात?”

“तू दिवाळीला समजावून सांगितलास ना, त्याच दिशी कळलं व्हतं मला,” गुरुबसप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले. “चाळीस सालं बेरजा करून राहिलो. मी काय खुळा हाय?”

“मग दोन वर्षं मला का हो असं नाचवलंत?” विरूपाक्षचा आवाज चढला. पुढच्या बाकावरच्या बाईनं वळून पाहिलं.

“दोन सालं दुकानात कोन येतंय, सांग. मानसानं पानी बघावं का धोतर? पर तुझी तनखा इचारायला येतेत. बसतेत, च्या पितेत, तुझं नाव काढतेत. मानूस बसलेलं असलं की दुकान बंद पडल्यासारखं वाटत न्हाई रे.” ते मुलाकडं वळले. “सातशे सांगितले असते, तर कोन येऊन बसलं असतं?”

विरूपाक्षपाशी दोन वर्षांचा राग साठलेला होता, अगदी ओठांवर आलेला, आणि आता तो कुठं ठेवावा हे त्याला समजेना. आपण ज्याला त्याला दुरुस्त करत हिंडत होतो, ते लोक म्हणजे अप्पांचं एकुलतं एक चालतं गिऱ्हाईक होतं, हे एकदाही आपल्या डोक्यात येऊ नये!

शिरूर ताजबंदला पंचायत समितीतले व्यंकटराव चढले. बापलेकांना बघून सरळ त्यांच्याच बाकाला टेकले. “शरणार्थ अप्पा. यादी झाली म्हनं? बरं झालं. प्रोफेसरसाहेब, आता किती पडतेत हो?”

विरूपाक्षनं सवयीनं ‘नाही हो’ म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. “अप्पांना विचारा,” तो म्हणाला. “हिशेब त्यांच्यापाशी असतो.”

गुरुबसप्पांनी मुलाकडं पाहिलं. मग व्यंकटरावांकडं. मघाशी पेन धरलेला अंगठा त्यांनी तर्जनीवर घासला.

“तेराशे बासष्ट,” ते म्हणाले.

व्यंकटरावांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि ते खो खो हसायला लागले. “आमच्यापासून बी लपवता व्हय अप्पा? राहू द्या, राहू द्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच व्यंकटराव पायरीवर येऊन बसले होते, खरा आकडा काढून घ्यायला. सोबत आणखी दोघं होते. दुपारपर्यंत बसले, दोनदा चहा झाला. गुरुबसप्पांनी तिघांनाही खरं तेच सांगितलं आणि तिघांपैकी एकानंही विश्वास ठेवला नाही. जाताना व्यंकटरावांनी तीन मीटर मांजरपाट घेतला.