पोटातली हिरवी साडी

आईच्या कपाटाला कधी कुलूप लागलं नाही, कारण दार मिटायचंच नाही. साड्याच तेवढ्या. ती गेल्यावर मावशीनं कपाट उघडलं, ढिगाखाली गडप झाली आणि संध्याकाळी चहाच्या वासावर बाहेर आली, असं मी सगळ्यांना सांगते. मावशी नाही म्हणत नाही.

त्या साड्यांच्या गोधड्या शिवून कॅन्सरच्या वॉर्डात द्यायच्या, हे मावशीनंच ठरवलं. शेवटी आई तिथल्या एसीत कुडकुडायची. बाहेर मे महिन्यात डांबर वितळायचं आणि वॉर्डात नर्सच्या नाकावर दव पडायचं.

गुलमंडीच्या बाजारातून काठाला लाल कापड आणलं, सोफा भिंतीला उभा केला आणि आम्ही दोघी समोरासमोर बसून धावदोरा घालू लागलो. वर-खाली धड कापड, पोटात सगळ्यात विरलेलं, अशी आमच्याकडची रीत. ऊब तेच देतं. त्यामुळं मावशी मऊ कापड चाचपत घरभर फिरायची. माझे गाऊन गेले, शेजारणीचा पडदाही गेला.

पहिली गोधडी एका दिवसात उरकून वॉर्डात पोचवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वडील उशी घेऊन हॉलमध्ये आले.

"हिच्याखालची हिरवी साडी कुठंय?"

"ती व्हय?" मावशी म्हणाली. "मला फडकं वाटलं, दाजी. लई मऊ होतं. गोधडीच्या पोटात गेलं."

"मग काढा पोटातून."

आईच्या साडीची ती घडी उशीखाली असल्याशिवाय त्यांना झोप येत नव्हती, हे आम्हाला तेव्हा कळलं. पुढं त्यांचे डोळे असे लाल झाले, की ते चौकात उभे राहिले तर रिक्षा थांबायच्या. शेवटी मावशीनं पर्समध्ये कात्री टाकली आणि आम्ही तिघं वॉर्डात गेलो.

लाल काठाखाली वैजापूरकडची एक म्हातारी होती. नुसतं नाक दिसत होतं. तिच्या सुनेनं आम्हाला दारातच अडवलं.

"हळू बोला. लई दिसानं डोळा लागलाय त्यांचा."

मावशीनं वडिलांकडं पाहिलं. ते हळूच आत गेले आणि त्यांनी गोधडीचा कोपरा चाचपला. मग त्यांनी विचारलं, "ही धुता कुठं?"

"इथं कुठं धुनार, बाबा?"

"मी धुवून आणत जाईन. दर रविवारी."

जन्मात स्वतःचा रुमाल न धुतलेला माणूस! आता रविवारी सकाळी म्हातारीला दुसरी गोधडी देऊन ही घरी आणतात, धुतात, गच्चीवर वाळवतात. दुपारी तीच पांघरून असे घोरतात, की टाकीचं झाकण उडतं. अंधार पडायच्या आत परत पोचवतात. बाकीचा आठवडा टक्क जागे. तक्रार नाही.

"लई धुता, बाबा," सून परवा म्हणाली. "विरायला लागली की."

खरंच, एका कोपऱ्यातून हिरवं डोकावायला लागलंय. वडील तोच कोपरा गालाशी घेऊन झोपतात. ह्या रविवारी मावशी ठिगळ लावायला बसली, तर सुयांची डबी गायब. आम्ही घर पालथं घातलं.

वडिलांच्या उशीखाली सापडली.