पाचटाखालचं पाणी

आमच्या मोसंबीला ठिबक बसलं तेव्हा गाव बघायला आलं होतं. नव्वदीची सुरुवात होती. तोवर झाडाला पाणी देणं म्हणजे आळं काठोकाठ भरणं. इथं काळ्या नळीतून टिपूस टिपूस पडत होतं. एक म्हातारे म्हणाले, "झाडाला पाणी देऊन राह्यले का सलाईन लावून राह्यले?" सगळे हसले. वडील हसले नाहीत. विहिरीचा तळ होळीलाच दिसायला लागला होता, आणि जालन्याहून हे सामान त्यांनीच हौसेनं आणलं होतं. ओल टिकावी म्हणून अंकुशनगरकडच्या ऊसवाल्यांकडून पाचट आणून प्रत्येक झाडाखाली अंथरलंही त्यांनीच.

विहीर एक, वाटे दोन. थोरले म्हणून विहिरीकडची झाडं वडिलांची, नळीच्या शेवटाकडची त्यांच्या धाकट्या भावाची, म्हणजे माझ्या काकांची. काका वारल्यावर ती काकीकडे आली. तिची मुलगी सासरी गेलेली, काकी एकटी. तिचं घर चालायचं ते त्या झाडांवर. पूर्वी दोन्ही घरांची पाण्याची पाळी ठरलेली असे आणि पाळीवरून कुरबुरीही होत. ठिबक आलं, पाळी गेली. एक मोटर, सगळ्या झाडांना सारखं पाणी. मी तेव्हा गावच्या शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. 'थेंबे थेंबे तळे साचे' शिकवताना पोरांना खुशाल आमच्या मळ्यात घेऊन जायची.

काकी वडिलांशी बोलत नसे. भांडण नव्हतं. धाकट्या भावजयीनं थोरल्या दिरापुढं तोंड उघडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. दोघं समोरासमोर असली तरी निरोप माझ्यामार्फत जायचा. टपाल खात्यानं मला पगार द्यायला हवा होता.

दुसऱ्या उन्हाळ्यात काकीची झाडं मलूल दिसू लागली.

"बापाला सांग, माझ्या झाडाला पाणी येऊन न्हाई राह्यलं."

मी सांगितलं. वडील म्हणाले, "ड्रीपचं पाणी सगळ्याला बराबर असतं. तिच्या जमिनीत खडक हाय. शेणखत घाल म्हणावं."

मी तेही पोचवलं. तिनं शेणखत घातलं. पुढच्या वर्षी फांद्या शेंड्याकडून वाळायला लागल्या. पुन्हा निरोप गेला. वडील जाऊन खोड खरवडून आले, रोग हाय म्हणाले, औषध सांगितलं. तिनं औषधही लावलं. गावात बोललं जाऊ लागलं की बाईमाणसाच्या हातून बाग होत नसते. ते ऐकून माझं डोकं फिरायचं. पण नळीतच काही खोट असेल, असं कुणाच्याच मनात आलं नाही.

शेवटी काकीनंच जालन्याच्या ठिबकवाल्या दुकानात निरोप धाडला. मोटारसायकलवर त्यांचा माणूस आला. त्यानं घरातून स्टीलचे दोन पेले मागितले. एक काकीच्या शेवटच्या झाडाखाली ठेवला, दुसरा आमच्या पहिल्या झाडाखाली, आणि मोटर चालू करायला सांगितली. आमचा पेला बघता बघता भरून वाहू लागला. काकीच्या पेल्याचा तळसुद्धा झाकला नव्हता.

त्यानं आमच्या झाडाखालचं पाचट बाजूला केलं. नळीला पेन्सिल जाईल एवढं भोक होतं. पुढच्या झाडाखाली तसंच, त्याच्या पुढच्याही. दाभण तापवून पाडलेली भोकं होती.

वडिलांनी लपवलं नाही. "झाड तहानलेलं दिसायचं," ते म्हणाले. "थेंबानं झाडाचं पोट भरतंय का? आधी एकाला केलं, मंग दुसऱ्याला."

जन्मभर आळी भरलेल्या माणसाला ओली जमीन दिसल्याशिवाय पाणी दिल्यासारखं वाटत नसे. आपण कुणाच्या तोंडचं काढून घेतोय हे त्यांना उमजलं नव्हतं, असं मी आजही मानते. तरी त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि वर शेतालाच बोल लावला होता.

तो माणूस म्हणाला, नळ्या बदलता येतील. काकीची झाडं मात्र बहुतेक गेली होती, ती काढावीच लागणार होती.

वडील माझ्याकडे बघून म्हणाले, "काकीला सांग, आमच्या दोन ओळी आजपासून तिच्या. तिची नवी झाडं फळाला येस्तोवर तिनंच फळ तोडायचं."

मी काकीकडे वळले. मी तोंड उघडायच्या आत तिनं कपाळावरचा पदर मागं सारला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा थेट वडिलांकडे पाहिलं.

"मला सांगा," ती म्हणाली. "मी हितंच उभी हाय. तीन उन्हाळे हितंच उभी हाय."

सवयीनं वडील पुन्हा माझ्याकडेच बघायला लागले. मी निरोप नेला नाही.