तिचं एक सूत

होडीचे ट्रेलर दुरुस्त करण्यात मिस्त्रींचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी लावलेला ट्रेलर नाकासमोर चालायचा. स्प्रिंगचे पाटे बदलले, की पुढच्या हुकापासून एक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत टेप लावायची. मापं सारखी भरली, तर एक्सल सरळ. हुकाशी टेप धरून बायको बसायची. डावीकडचं माप घेताना तिचा हात हमखास एक्सलकडे सरकायचा आणि माप एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी भरायचं.

"हलू नकोस म्हटलं ना!"

"मी कुठे हलले? तुम्हीच चष्मा लावा."

मिस्त्री कुरकुरत एक सूत मिळवायचे.

ती वारली आणि टेप हुकालाच अडकवावी लागली. पंधरा दिवसांत एक होडीवाला दुरुस्त केलेला ट्रेलर घेऊन परत आला.

"मिस्त्री, टायर एकाच बाजूने झिजतायत की!"

"माझा एक्सल? वाकडा?" मिस्त्री उखडले. तावातावाने पुन्हा माप घेतलं, तर डावीकडे एक सूत कमी भरलं. हुक काही हलत नव्हता, तरी सवयीने त्यांनी डावीकडे तिचं सूत मिळवलं होतं.

ट्रेलर त्यांनी सरळ करून दिला. सवय मात्र मोडली नाही. अजूनही डावीकडे आधी सूत मिळवतात, जरा थांबतात, आणि मग ते काढून टाकतात.