मंगळवार-शुक्रवारचा जामबाग

मागच्या वर्षी जयपूरला माझी पाठ धरली. हैद्राबादला नामपल्लीहून निघालो तेव्हा मी ठणठणीत होतो. गाडीत जेवणाचं ताट आलं तेव्हा हललो असेन तेवढाच, बाकी सगळा वेळ खिडकी धरून बसलेला. उतरताना बाकाखालची बॅग ओढायला वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. पुढचे चार दिवस बायकोने किल्ले पाहिले आणि मी हॉटेलचा पंखा पाहिला. परतीला स्टेशनच्या पुलावरून दोन्ही बॅगा तिने वाहिल्या. हमाल कर म्हटलं तर म्हणाली, "गाडी सुटेल. तुम्ही फक्त कठडा सोडू नका."

महिन्याभरात माझी पाठ मोकळी झाली. डॉक्टरांनी फिजिओथेरपीला जा म्हणून चिठ्ठी दिली होती, ती मी कपाटात टाकली. मला या गोष्टी पटत नाहीत. पट्टा विकणारा म्हणतो पट्टा बांधा, गादीवाला म्हणतो गादी बदला. माझी सगळी नोकरी सरकारी कचेरीत लोकांचे अर्ज तपासण्यात गेली. कागद खरा की खोटा हे पाहता पाहता माणसांकडेही तसंच पाहायची सवय लागली. निवृत्त झाल्यावर तपासायला अर्ज उरले नाहीत, बायको उरली.

यंदा केरळला जायचं ठरलं, तिच्याच हट्टाने. तिकिटं काढली आणि साधारण त्याच सुमारास ती दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी बाहेर पडू लागली. "सुलतान बाजारला जाऊन येते, साडीला फॉल आणायचाय." दोन तासांनी परत यायची. हातात पिशवी, पिशवीत काही नाही. पुढच्या वेळी ब्लाउजपीस आणायचा म्हणून गेली. तोही आला नाही. सुलतान बाजारात जो मिळत नाही असा रंग तरी कुठला, हे मला कळेना.

मी नुसतं लक्ष ठेवलं. फोन आला की ती गॅलरीत जायची आणि दार लोटून घ्यायची. रविवारी विहारात ती नेहमी बायकांच्या पहिल्या रांगेत सतरंजीवर बसते. आता मागे, म्हाताऱ्या माणसांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर बसू लागली. विचारलं तर म्हणे, "खालून समोरचं दिसत नाही." इतकी वर्षं बरं दिसत होतं! मागे बसून कुणाशी तरी बोलता येतं, एवढाच अर्थ मी काढला.

मग एका बुधवारी कचेरीतल्या जुन्या सोबत्याचा फोन आला. तो जामबागला राहतो. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "भाभी को कल हमारे उधर देखा मैं. एक बिल्डिंग का जीना चढ़रे थे, भोत आहिस्ता. सब खैरियत है ना?"

"हौ, सब खैरियत," मी म्हटलं. मग बोलता बोलता इमारत कुठली ते काढून घेतलं. पुढच्या दोन दिवसांत माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते लिहायला लाज वाटते. काही भीतीचं होतं, काही त्याहून वाईट.

शुक्रवारी ती निघाली आणि मी मागच्या बसने निघालो. कोठीला उतरून जामबागकडे चालत गेलो. सोबत्याने सांगितलेली इमारत सापडली. समोरच्या रसाच्या गाड्यामागे उभा राहिलो. पाऊण तासाने ती कठड्याला धरून खाली आली. वर पाटी होती: फिजिओथेरपी.

माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच राग आला. म्हणजे हे सगळं माझ्यासाठी चाललंय तर! मी जात नाही म्हणून ही माझ्या वतीने जाते, शिकून घेते, आणि केरळला नेऊन मला कवायत करायला लावणार. घरी ती आंघोळीला गेल्यावर मी तिची पर्स उघडली. आत घडी घातलेला कागद निघाला. त्यावर काड्यांची माणसं काढलेली. एक गुडघा छातीशी घेतलेला, एक कुशीवर वळलेला. खाली लिहिलेलं, प्रवासात तासातासाने उठायचं, कमरेमागे टॉवेलची गुंडाळी ठेवायची, वजन उचलायचं नाही. मी कागद होता तसा ठेवला आणि ठरवलं, आपण बधायचं नाही.

गाडीत बसलो आणि माझा अंदाज खरा ठरू लागला. तासाभराने ती उठली. "चला, दारापर्यंत जाऊन येऊ."

"तू ये जाऊन. मला इथं बरं आहे."

"पाय मोकळे होतील."

"माझे मोकळेच आहेत."

ती एकटी गेली, हळूहळू आली. पुन्हा तासाने तेच. टॉवेलची गुंडाळी करून तिने आधी माझ्यापुढे धरली. मी नको म्हटल्यावर स्वतःच्या पाठीमागे ठेवली. मी मनात म्हटलं, काय नाटक आहे, मला दाखवायला स्वतः करून दाखवते! शेजारच्या तेलुगू बाईंनी तिला विचारलंही, "नडुम नोप्पा अम्मा?" कंबर दुखते का म्हणून. ती हसली आणि माझ्याकडे बघून मान हलवली, नाही म्हणून. तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. स्टेशनवर बॅगा तिने उचलल्या नाहीत, हमाल केला. हेसुद्धा मी माझ्याच खात्यात धरलं.

हॉटेलात दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली तर पलंगावर ती नव्हती. पलंग आणि कपाट यांच्यामधल्या जागेत, चादर अंथरून, ती फरशीवर उताणी पडली होती. एक गुडघा छातीशी. ओढणीचं टोक दातांत धरलेलं, आणि डोळ्यांतून पाणी कानाकडे चाललेलं. बघणारं कुणी नव्हतं, तिच्या लेखी मी झोपलेला. नाटक कुणासाठी करणार?

मी उठून बसलो. "काय झालं गं?"

तिने दातांतून ओढणी सोडली. "झोपा तुम्ही. होतंय माझं."

"तुझी पाठ दुखते?"

तिने डोळे पुसले. मग म्हणाली, "आता विचारलंच आहे तर हात द्या. पण ओढू नका. मी कुशीवर वळते, मग गुडघे, मग हात."

मी तिच्या दंडाला धरून उभा राहिलो. ती एकेक सांगत होती, एकेक करत होती. उठायला तिला किती वेळ लागला! पलंगावर बसल्यावर मी विचारलं, "कधीपासून?"

"जयपूरचा पूल."

म्हणजे वर्ष होत आलं होतं. आधी आपोआप जाईल म्हणून थांबली, मग रात्री कूस बदलता येईना तेव्हा माझीच कपाटातली चिठ्ठी घेऊन जामबागला गेली. गॅलरीतले फोनही तिथलेच होते.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तिकिटं रद्द केली असती. माझ्या पाठीचं नाव पुढे करून तुम्ही आता कुठेच निघाला नसता. आणि माझीही पाठ धरली म्हटल्यावर तुम्ही परेशान होऊन काय काय केलं असतं, कुणास ठाऊक. मला समुद्र बघायचा होता हो."

मी जामबागला मागे गेलो होतो, पर्स उघडली होती, ते सगळं तिला सांगून टाकलं. ती ऐकत राहिली. "एवढं सगळं केलंत," ती म्हणाली, "आणि विचारायचं तेवढं सोडून दिलंत."

त्या दिवशी आम्ही समुद्र पाहिला. वाळूत चालणं तिला जड जात होतं, म्हणून ओल्या, घट्ट पट्ट्यावरून चाललो, थोडं चालून थोडं बसून. होडीची सहा तासांची फेरी आम्ही सोडली, दोन तासांची घेतली. परतीच्या गाडीत मी मोबाइलवर तासातासाचा गजर लावला. गजर झाला की दोघं उठायचो आणि डब्याच्या टोकापर्यंत जाऊन यायचो. समोरच्या बाकावरची माणसं आमच्याकडे संशयाने बघत होती. तिचं दुखणं गेलं नाही, पण वाढलं नाही, आणि हैद्राबादला ती स्वतःच्या पायांनी, कुणाला न धरता उतरली.

पुढच्या मंगळवारी मी तिच्याबरोबर जामबागचा जिना चढलो. फिजिओथेरपी करणारी मुलगी आमच्या लेकीच्या वयाची. माझ्याकडे बघून म्हणाली, "अच्छा, ये अंकल हैं?" म्हणजे माझ्याविषयी इथं बोलणं झालेलं होतं. काय बोलणं, ते दोघींनीही सांगितलं नाही. त्या मुलीने मला टेबलावर झोपवलं आणि पाय सरळ ठेवून वर उचलला. अर्ध्यावर मी ओरडलो.

"आंटी से ज़्यादा स्टिफ हैं आप," ती म्हणाली. मला ते खरं वाटलं नाही. दुसराही पाय बघ म्हटलं. तो तर तेवढाही वर गेला नाही.

पडद्यापलीकडे बायको बसली होती. तिला फोन आला आणि ती हळू आवाजात बोलायला लागली. पाय हवेत असतानाच मी कान तिकडे लावला.