चिंचेने घासलेली राणी

मंगळवारी सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला. माझी पत्नी गेली होती.

त्यानंतरच्या दिवाळीत मुलगी ग्लासगोहून मँचेस्टरला आली. वर्ष झालं नव्हतं, त्यामुळे सण करायचा नव्हता. तरी तिने देव्हाऱ्यातलं रोमन नाणं उचलून माझ्यासमोर ठेवलं. ते काळपट पडू लागलं होतं.

मी घेतलं तेव्हा ते गडद हिरवं होतं. एका बाजूला कुणा सम्राटाची राणी, दुसऱ्या बाजूला देवी, तिच्या पायाशी मोर. अशी ब्राँझची नाणी जमवणारे त्या हिरव्या थराला जपतात. माझ्या नाण्यांच्या ट्रेमधल्या सम्राटांत पत्नीला रस नव्हता. राण्या मात्र ती चष्मा लावून बघायची.

"अहो, हिचा अंबाडा थेट माझ्या आत्यासारखा. आणि मागे मोर, म्हणजे सरस्वतीच की!"

एका लक्ष्मीपूजनाला मी युनिव्हर्सिटीतून घरी आलो, तर राणी ताम्हनात होती. चिंच-मीठ लावून लख्ख घासलेली, वर कुंकू.

"अगं, अठराशे वर्षांचा थर होता तो!"

"तेच म्हणते मी. अठराशे वर्षं बाईला कुणी आंघोळ घातली नाही!"

जेवताना मी गप्प होतो. वरण वाढत ती म्हणाली, "घ्या, सम्राट रुसले."

ते नाणं पुन्हा ट्रेमध्ये आलं नाही. दर दिवाळीला ती ते सिंकपाशी उभी राहून घासायची, मी दारातून कुरकुर करायचो. राणीचा चेहरा वर्षागणिक पुसट होत गेला.

"बाबा, घासू का?" मुलीने विचारलं. "की राहू दे? काळं होऊ दे, असं तुम्हीच म्हणायचात ना?"

म्हणायचो खरं. आणखी काही वर्षांनी ते ट्रेमध्ये शोभलंही असतं. पण नाण्यावरची चकाकी पत्नीच्या हातची होती, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत उतरत होती. घासलं तरी ती जाणार होतीच. नंतरची माझ्या हातची असेल. मी नाणं ताम्हनात ठेवलं.

"चिंच कुठे ठेवली आहे?" मुलीने विचारलं.

"फ्रिजच्या दारात. आण. मी घासतो."

अंबाड्याच्या खाचांत पत्नी नखाने चिंच भरायची. मीही तसंच केलं.

नाणं देव्हाऱ्यात आहे. राणीचं नाक राहिलेलं नाही, मोराचं डोकंही नाही. अंबाडा आहे.